दिल्ली परिसरात मध्यम आकाराचा पिकअप निवडताना : हौद्याआधी कागदपत्रे पाहा

नवी दिल्ली : आठवडाभर कार्यालयाची ये-जा आणि सुट्टीत हिमाचल प्रदेश किंवा उत्तराखंडमधील कच्च्या वाटा, अशी दोन्ही कामे एकाच वाहनाकडून करून घ्यायची असतील, तर मध्यम आकाराचा पिकअप हा मोहात पाडणारा पर्याय आहे. पाच जणांची बंदिस्त बैठक, मागे मोकळा हौदा, चारही चाकांना ताकद पुरवणारी यंत्रणा आणि दणकट डिझेल इंजिन या एकत्रित गुणांमुळे त्याला स्वतःचा चाहतावर्ग लाभला आहे. मात्र राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात या खरेदीचा निकाल इंजिनाच्या ताकदीपेक्षा तीन साध्या प्रश्नांवर लागतो. डिझेल वाहन येथे किती वर्षे चालवता येईल, त्याची नोंदणी कोणत्या वर्गात होईल आणि ते उभे कुठे करायचे, हे ते तीन प्रश्न. पंचवीस ते पस्तीस लाख रुपयांच्या या व्यवहारात त्यांची उत्तरे आधी मिळवली नाहीत, तर पश्चात्तापाची वेळ येऊ शकते.

मध्यम आकाराचा पिकअप म्हणजे काय?

महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात ‘पिकअप’ म्हटले की भाजीपाला, दूध किंवा सिमेंटच्या गोण्या वाहणारे वाहन डोळ्यांसमोर येते. येथे अभिप्रेत असलेला पिकअप त्याच कुळातला असला तरी त्याचा हेतू वेगळा आहे. त्याला चार दरवाजे आणि दोन रांगांची बैठक असते. वातानुकूलन, एअरबॅग, स्वयंचलित गिअर अशा मोटारीतील सोयी असतात आणि मागचा हौदा तुलनेने आखूड असतो. ‘लॅडर फ्रेम’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या शिडीसारख्या पोलादी सांगाड्यावर तो उभा असतो.

वजन वाहण्याच्या क्षमतेतील फरक लक्षात घेण्याजोगा आहे. टाटा मोटर्सने २०२२ मध्ये आणलेला योद्धा २.० हा पिकअप दोन टन भार वाहतो. हौशी वापराच्या मध्यम पिकअपची क्षमता मात्र काही शेकडो किलोंपुरतीच असते. व्यवसायाचा जड माल वाहणे हा खरेदीचा मुख्य हेतू असेल, तर या गटातील वाहन घेण्यात अर्थ नाही.

भारतातील वाटचाल आणि आजचे पर्याय

या प्रकाराचा भारतातील इतिहास महाराष्ट्राशी जोडलेला आहे. पुण्यातील टेल्को म्हणजे आजच्या टाटा मोटर्सने १९८८ मध्ये टाटामोबाइल बाजारात आणली. पुढे सिएरा आणि इस्टेट या मोटारी त्याच पायावर उभ्या राहिल्या. महिंद्रने २००७ मध्ये स्कॉर्पिओ गेटअवे आणि टाटांनी २००९ मध्ये झेनॉन एक्सटी ही खासगी ग्राहकांसाठीची वाहने सादर केली. दोन्ही कालांतराने बाजारातून बाहेर पडली. २०१६ मध्ये इसुझूने डी-मॅक्स व्ही-क्रॉस आणली. आंध्र प्रदेशातील श्री सिटी येथील प्रकल्पात तिची निर्मिती होते. टोयोटा किर्लोस्कर मोटरने जानेवारी २०२२ मध्ये हायलक्सचे अनावरण केले.

आज खासगी ग्राहकासमोर प्रामुख्याने हेच दोन पर्याय आहेत. व्ही-क्रॉसमध्ये १.९ लिटरचे डिझेल इंजिन असून ते १६३ पीएस शक्ती आणि ३६० न्यूटन-मीटर टॉर्क देते. हायलक्सचे २.८ लिटरचे डिझेल इंजिन २०४ पीएस शक्ती देते. तिचा टॉर्क मॅन्युअल गिअरसह ४२० आणि स्वयंचलित गिअरसह ५०० न्यूटन-मीटर आहे. हायलक्स चार चाकांच्या चालनासहच मिळते, तर व्ही-क्रॉस दोन आणि चार अशा दोन्ही चालनप्रकारांत उपलब्ध आहे. दिसण्यात दोन्ही प्रकार सारखेच असल्याने जाहिरातीतील आरंभीची किंमत नेमकी कोणत्या प्रकाराची आहे, हे विचारून घेणे आवश्यक ठरते.

दोन्ही वाहने भारतात केवळ डिझेलवर मिळतात. दिल्ली परिसरातील ग्राहकासाठी सर्वांत कळीचा मुद्दा हाच आहे.

पहिली कसोटी : दहा वर्षांची मर्यादा

राष्ट्रीय हरित लवादाने एप्रिल २०१५ मध्ये राजधानी क्षेत्रात दहा वर्षांहून जुन्या डिझेल वाहनांना मनाई केली. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१८ मध्ये डिझेलसाठी दहा आणि पेट्रोलसाठी पंधरा वर्षे ही मर्यादा कायम ठेवली. राजधानी क्षेत्र म्हणजे केवळ दिल्ली शहर नव्हे. हरियाणातील १४, उत्तर प्रदेशातील ८ जिल्हे आणि राजस्थानातील अलवर व भरतपूरचा भाग त्यात येतो. त्यामुळे गुरुग्राम, नोएडा, मेरठ किंवा पानिपतमध्ये नोंदणी करून या मर्यादेतून सुटका होत नाही.

अंमलबजावणीचे चित्र अलीकडे अनेकदा बदलले. वयोमर्यादा ओलांडलेल्या वाहनांना १ जुलै २०२५ पासून इंधन न देण्याचा वायू गुणवत्ता व्यवस्थापन आयोगाचा निर्णय विरोधानंतर पुढे ढकलण्यात आला. १२ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केवळ वयाच्या आधारे मालकांवर सक्तीची कारवाई न करण्याचा अंतरिम आदेश दिला. त्याच वर्षी १७ डिसेंबरला त्यात बदल करून हे संरक्षण बीएस-४ आणि त्यापुढील मानकांच्या वाहनांपुरते मर्यादित करण्यात आले.

याचा अर्थ असा की, आज विकत घेतलेला बीएस-६ पिकअप सध्याच्या आदेशानुसार दहा वर्षांनंतरही संरक्षित गटात बसतो. परंतु हा दिलासा अंतरिम आहे. खरेदीचा हिशेब दिलाशावर बेतण्यापेक्षा मूळ मर्यादेवर बेतणे शहाणपणाचे ठरेल. उदाहरणार्थ, तीस लाखांचे वाहन पंधरा वर्षे वापरले, तर वर्षाला दोन लाख रुपये खर्ची पडतात. तेच दहा वर्षांत सोडावे लागले, तर हा आकडा तीन लाखांवर जातो. वाहन अन्य राज्यात विकून काही रक्कम परत मिळते हे खरे. मात्र दहा वर्षे पूर्ण होत आलेल्या दिल्लीच्या डिझेल वाहनाची विक्री करताना मालकाची अडचण खरेदीदाराला ठाऊक असते आणि भाव त्यानुसारच ठरतो.

हिवाळ्यातील निर्बंध हा याच प्रश्नाचा दुसरा भाग. प्रदूषण गंभीर पातळीवर गेल्यावर श्रेणीबद्ध कृती आराखड्याचा तिसरा टप्पा लागू होतो. त्या काळात दिल्ली, गुरुग्राम, फरीदाबाद, गाझियाबाद आणि गौतम बुद्ध नगर येथे बीएस-४ डिझेल मोटारी रस्त्यावर आणता येत नाहीत. १ एप्रिल २०२० नंतरची नवी वाहने बीएस-६ मानकांची असल्याने त्यांना हा अडथळा येत नाही. २०१६ ते २०२० या काळातील जुनी व्ही-क्रॉस स्वस्तात मिळत असेल, तर मात्र ती हिवाळ्यात ऐन कामाच्या दिवशी दारातच उभी ठेवावी लागेल, हे गृहीत धरावे. त्यातील पहिल्या गाड्यांची दहा वर्षे २०२६ मध्ये पूर्ण होत आहेत.

दुसरी कसोटी : पांढरी नंबर प्लेट की पिवळी?

पिकअपची रचना मालवाहू वाहनाची असली, तरी हायलक्स आणि व्ही-क्रॉस खासगी वापरासाठी पांढऱ्या नंबर प्लेटवर नोंदवता येतात. रोज कार्यालयात जाणाऱ्याने हाच मार्ग धरावा. पिवळ्या नंबर प्लेटच्या मालवाहू वाहनांना दिल्लीच्या अनेक प्रमुख रस्त्यांवर सकाळ-सायंकाळच्या गर्दीच्या वेळी प्रवेशबंदी असते. बाहेरून दिल्लीत शिरणाऱ्या व्यावसायिक मालवाहू वाहनांना सर्वोच्च न्यायालयाच्या २०१५ च्या आदेशांनुसार पर्यावरण भरपाई शुल्कही लागू आहे. व्यावसायिक वाहनाला पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. खासगी वाहनाची नोंदणी एकदम पंधरा वर्षांची असते.

नोंदणीपुस्तिकेतील वर्गाचा परिणाम महामार्गावरही जाणवतो. केंद्र सरकारने एप्रिल २०१८ मध्ये द्रुतगती महामार्गांवर मोटारींसाठी ताशी १२० किलोमीटर, तर मालवाहू वाहनांसाठी ताशी ८० किलोमीटर अशी कमाल वेगमर्यादा निश्चित केली. पथकर नाक्यावर ‘कार, जीप, व्हॅन’ आणि ‘हलके व्यावसायिक वाहन’ यांचे दर वेगळे असतात. हौदा पाहून फास्टॅग चुकीच्या वर्गात दिला गेला, तर प्रत्येक फेरीला जादा रक्कम कापली जाते. १५ ऑगस्ट २०२५ पासून सुरू झालेला वार्षिक पासही खासगी कार, जीप आणि व्हॅनसाठीच आहे. त्यामुळे वाहन ताब्यात घेण्यापूर्वी नोंदणीपुस्तिका, विमा आणि फास्टॅग या तिन्हींवर एकच वर्ग लिहिला आहे याची खातरजमा करावी.

चालकाच्या परवान्याची चिंता मात्र नाही. हलक्या मोटार वाहनाच्या परवान्यावर साडेसात हजार किलोपर्यंतचे मालवाहू वाहन चालवता येते, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी दिला आहे.

कराचे गणित

वस्तू व सेवा कराच्या आकारणीत पिकअप मालवाहू वाहनांच्या गटात मोडतो आणि येथे ग्राहकाचा लाभ होतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून या गटावरील कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. मोठ्या एसयूव्हीवर पूर्वी उपकर धरून ५० टक्के कर होता. तो आता ४० टक्के आहे. दोन्ही पिकअपच्या किमती त्यानंतर लक्षणीयरीत्या घटल्या. याच कारणामुळे २०२५ च्या सप्टेंबरपूर्वीच्या किमतींवर आधारलेल्या तुलना आता निरुपयोगी आहेत.

नोंदणीचा कर राज्यागणिक वेगळा असतो. दिल्लीत दहा लाखांहून अधिक किमतीच्या खासगी डिझेल मोटारीला साडेबारा टक्के कर लागतो. तीस लाखांच्या वाहनावर तो पावणेचार लाख रुपये होतो. बदलीच्या नोकरीनिमित्त दिल्लीत आलेल्या मराठी कुटुंबांसाठी भारत मालिकेतील म्हणजे ‘बीएच’ क्रमांक हा उपयुक्त पर्याय आहे. सप्टेंबर २०२१ पासून सुरू असलेली ही सोय संरक्षण दले, केंद्र व राज्य सरकार, सार्वजनिक उपक्रम तसेच चार किंवा अधिक राज्यांत कार्यालये असलेल्या खासगी कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांना घेता येते. वीस लाखांवरील वाहनाला बारा टक्के आणि डिझेलसाठी आणखी दोन टक्के असा दर असून कर दोन-दोन वर्षांच्या हप्त्यांत भरायचा असतो. बदली झाल्यावर पुन्हा नोंदणी करावी लागत नाही. मात्र ही मालिका केवळ खासगी वाहनांसाठी आहे आणि राजधानी क्षेत्रातील वयोमर्यादेतून तिलाही सूट नाही.

तिसरी कसोटी : रोजची ये-जा

हायलक्सची लांबी ५,३२५ मिलिमीटर आणि व्ही-क्रॉसची ५,२९५ मिलिमीटर आहे. फॉर्च्युनरसारखी मोठी एसयूव्हीसुद्धा ४.८ मीटरच्या आत बसते. गृहसंकुले आणि कार्यालयांच्या तळघरांतील वाहनतळांत एका गाडीसाठी आखलेली जागा बहुधा पाच मीटरच्या आसपास असते. म्हणजे पिकअपचे नाक किंवा फाळका मार्गिकेत येणार. यांत्रिक वाहनतळ असलेल्या इमारतींत लांबी आणि वजनाची मर्यादा आधी विचारावी. लाजपत नगर, मुखर्जी नगर किंवा लक्ष्मी नगरसारख्या वस्त्यांत रस्त्याकडेला जागा शोधावी लागत असेल, तर पाच मीटरच्या मोटारीला मिळणारी जागाही या वाहनाला अपुरी पडते. एका दमात वळण न घेता आल्याने मागे-पुढे करण्याची वेळही वारंवार येते. चाचणीसाठी आणलेले वाहन स्वतःच्या घरच्या आणि कार्यालयाच्या वाहनतळात नेऊन उभे करून पाहणे, ही सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी परीक्षा आहे.

दुसरा मुद्दा आरामाचा. दोन्ही वाहनांना मागील बाजूस पाट्यांचे स्प्रिंग असतात. पाटे भार पेलण्यासाठी घडवलेले असल्याने हौदा रिकामा असताना गतिरोधकावर आणि उखडलेल्या रस्त्यावर मागची बाजू उसळते. मागील आसनावरील ज्येष्ठांना आणि मुलांना हे अधिक जाणवते. पाठीमागचा भाग हलका असल्यामुळे पावसाळी निसरड्या रस्त्यावर जोरात वळताना मागची चाके घसरण्याचाही संभव असतो. विक्रेते चाचणीसाठी सहसा गुळगुळीत रस्ता निवडतात. ग्राहकाने रोजचाच रस्ता धरावा आणि घरच्यांना मागे बसवावे.

तिसरा मुद्दा बीएस-६ डिझेलच्या स्वभावाचा. धुरातील काजळी अडवण्यासाठी या वाहनांत डिझेल पार्टिक्युलेट फिल्टर असतो. साठलेली काजळी जाळण्यासाठी इंजिनाला काही काळ सलग वेगात चालावे लागते. घर ते मेट्रो स्थानक किंवा जवळची शाळा अशा चार-पाच किलोमीटरच्या, थांबत-थांबत होणाऱ्या फेऱ्यांत ही संधी मिळत नाही आणि फिल्टर तुंबतो. द्वारका ते मानेसर किंवा नोएडा ते फरीदाबाद असा मोकळ्या रस्त्यावरील प्रवास रोज होत असेल, तर अडचण येत नाही. तसे नसेल, तर आठवड्यातून एकदा महामार्गावर वीस-पंचवीस मिनिटे एकसारख्या वेगाने वाहन चालवण्याची सवय ठेवावी. तुंबलेला फिल्टर बदलण्याचा खर्च मोठा असतो.

इंधनाचा अंदाज सोपा आहे. महिन्याला हजार किलोमीटर प्रवास आणि शहरात लिटरला दहा किलोमीटर धरले, तर शंभर लिटर डिझेल लागते. लिटरला नव्वद रुपये धरल्यास खर्च नऊ हजार रुपये होतो. लिटरला पंधरा किलोमीटर जाणारी लहान पेट्रोल मोटार तेवढ्याच अंतराला, लिटरचे ९५ रुपये धरून, सुमारे सहा हजार तीनशे रुपयांत भागते.

कच्च्या वाटेवर काय कामी येते?

चार चाकांचे चालन असले म्हणजे वाहन कुठेही जाते, हा गैरसमज आहे. या पिकअपमध्ये गरजेपुरते जोडायचे फोर बाय फोर असते. कोरड्या डांबरी रस्त्यावर ते जोडून वळणे घेतली, तर गिअर यंत्रणेवर ताण येतो. चिखल, वाळू, बर्फ किंवा सुट्या खडीवरच ते वापरायचे असते. तीव्र चढ-उतारावर त्यातील लो गिअर उपयोगी पडतो. वेग कमी ठेवून चाकांना जास्त जोर देणे आणि उतारावर ब्रेक न तापवता वाहन आवरणे ही त्याची खरी कामे.

एक चाक हवेत लटकले की साधा डिफरन्शियल सारी ताकद त्याच चाकाला देतो आणि वाहन जागेवरच अडते. मागील डिफरन्शियल लॉक दोन्ही चाके एकत्र फिरवून ही कोंडी फोडतो. हायलक्समध्ये ही सोय आहे. कोणत्याही पिकअपच्या ज्या प्रकाराची किंमत सांगितली जाते, त्यात ती आहे का, हे लेखी विचारून घ्यावे.

जमिनीपासूनची उंची हा एकच आकडा पुरेसा नसतो. पुढच्या आणि मागच्या टोकाचे कोनही पाहावे लागतात. हायलक्सचा पुढचा कोन २९ आणि मागचा २६ अंशांचा आहे. तीन मीटरहून लांब चाकांतर असल्याने दोन्ही पिकअप अरुंद उंचवट्यावर पोटाशी टेकू शकतात. अशा ठिकाणी आखूड जीप सहज निघून जाते. याउलट स्पितीसारख्या लांब, खडबडीत पण रुंद वाटांवर लांब चाकांतर वाहनाला स्थैर्य देते.

पाण्याबाबत विशेष सावधगिरी हवी. हायलक्ससाठी ७०० मिलिमीटर पाण्यातून जाण्याची क्षमता सांगितली जाते. ती संथ वेग, ठाऊक असलेला तळ आणि न वाहणारे पाणी यांसाठी असते. जुलै २०२० मध्ये दिल्लीतील मिंटो पुलाखाली साचलेल्या पाण्यात एका छोट्या मालवाहू वाहनाच्या चालकाचा मृत्यू झाला होता. भुयारी मार्गात साचलेल्या पाण्याची खोली बाहेरून कळत नाही आणि तेथे कोणत्याही वाहनाची क्षमता कामी येत नाही. इंजिनात पाणी शिरून झालेले नुकसान सर्वसाधारण विम्यात बहुधा मिळत नाही. त्यासाठी इंजिन संरक्षणाचे वेगळे कलम घ्यावे लागते.

सुरक्षेच्या ताऱ्यांचाही नीट अर्थ लावावा. ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झालेली भारत एनकॅप चाचणी प्रवासी मोटारींसाठी आहे. त्यामुळे पिकअपसाठी विक्रेते परदेशातील गुणांकन दाखवतात. ते ज्या प्रकाराचे आहे, तेवढ्याच एअरबॅग आणि तीच उपकरणे भारतातील प्रकारात आहेत का, हे पडताळावे.

वाहन कुठे नेता येईल?

राजधानीच्या दाराशी अरवली आहे. पण ती मोकळे मैदान नाही. हरियाणातील अरवलीचा मोठा भाग पंजाब भूसंरक्षण कायदा, १९०० अन्वये काढलेल्या आदेशांखाली येतो. सर्वोच्च न्यायालयाने २१ जुलै २०२२ च्या निकालात या कायद्याच्या कलम ४ मधील विशेष आदेशांखालील जमिनींना वनजमीन मानले. असोला भाटी हे तर वन्यजीव अभयारण्य आहे. अशा ठिकाणी रस्ता सोडून वाहन घालणे हा गुन्हा ठरू शकतो. सराव करायचा असेल, तर खासगी जमिनीवर उभारलेल्या आखीव मैदानांतच करावा.

हिमाचल प्रदेशातही नियम कडक आहेत. रोहतांग खिंडीत हरित लवादाच्या आदेशांमुळे दिवसाला १,२०० पर्यटक वाहनांची मर्यादा असून त्यात डिझेल वाहने केवळ ४०० असतात. त्यासाठी परवाना आधी काढावा लागतो. ऑक्टोबर २०२० मध्ये खुल्या झालेल्या अटल बोगद्यातून थेट लाहौलला जाताना तो लागत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये लाहौलमधील चंद्रा नदीत एसयूव्ही घालणाऱ्या पर्यटकावर पोलिसांनी कारवाई केली होती.

कडाक्याच्या थंडीत लडाखला जाणाऱ्यांनी डिझेल गोठण्याचा धोका ध्यानात ठेवावा. उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारे हिवाळी डिझेल इंडियन ऑइलने २०१९ मध्ये तेथे उपलब्ध केले. मैदानी भागातून टाकी पूर्ण भरून नेण्याऐवजी वर पोहोचल्यावर ते भरणे हिताचे ठरते.

फेरबदल : हौस आणि कायदा

पिकअप घेतला की पुढे लोखंडी गार्ड, उंच सस्पेन्शन, रुंद टायर आणि दिव्यांची रांग बसवण्याचा मोह होतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे स्पष्ट केले. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाला अशा प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. धडकरोधक गार्डविरुद्ध कारवाईचे निर्देश केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच दिले होते. अपघातानंतर विमा कंपनी दावा नाकारण्यासाठी याच बदलांकडे बोट दाखवू शकते.

हौद्यावर कायमचे टोपण बसवायचे असल्यास ते उत्पादकाने मान्य केलेले असावे आणि परिवहन कार्यालयाची संमती घ्यावी. हौद्यात माणसे बसवणे बेकायदा आणि जीवघेणे आहे. अगदी गावच्या रस्त्यावर, थोड्या अंतरासाठीही ते टाळावे. सामान पावसापासून आणि चोरीपासून वाचवण्यासाठी घट्ट ताडपत्री किंवा कुलूपबंद झाकण हा खर्च आरंभीच धरावा. दिल्लीत उघड्या हौद्यात वाहनतळावर सामान सोडणे व्यवहार्य नाही.

खर्च करायचाच असेल, तर तो चांगले ऑल-टेरेन टायर, ओढण्याचा मजबूत पट्टा, हवा भरण्याचा छोटा पंप आणि एक दिवसाचे प्रशिक्षण यांवर करावा. उत्पादकाने मान्य केलेल्या मापातच टायर घ्यावेत. वाळूत टायरमधील हवा कमी करणे आणि पुन्हा डांबरी रस्त्यावर येताच ती भरणे, एवढे जमले तरी अडकण्याचे बरेच प्रसंग टळतात.

दिल्लीचा जुना पिकअप महाराष्ट्रात नेताना

दहा वर्षांच्या मर्यादेमुळे दिल्लीतील डिझेल वाहने इतर राज्यांत कमी किमतीत विक्रीस येतात आणि त्यांच्या जाहिराती महाराष्ट्रातील ग्राहकांपर्यंत पोहोचतात. व्यवहार बेकायदा नाही, पण पायऱ्या चुकवू नयेत. दिल्लीच्या परिवहन कार्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र आणि कर्ज असल्यास बँकेचे ना हरकत पत्र हाती आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. अन्य राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवलेल्या वाहनाला तेथील नवा क्रमांक घ्यावा लागतो. त्या वेळी महाराष्ट्राचा कर भरावा लागतो. तो विचारात घेतला की स्वस्ताई बरीच कमी होते. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण करताना पर्यावरण करही असतो.

जुलै २०२३ मध्ये यमुनेने २०८.६६ मीटर ही विक्रमी पातळी गाठली आणि दिल्लीच्या सखल भागात पाणी शिरले. त्या काळात दिल्लीत असलेल्या वाहनाच्या आसनांखालील रुळांवर गंज, वायरींच्या जोडांत गाळ किंवा गालिच्याखाली ओल आहे का, हे माहितगार मेकॅनिककडून तपासून घ्यावे. सांगाड्याच्या आतील बाजूचा गंज सहसा रंगाने झाकला जात नाही. वाहन उचलून खालून पाहिल्यास तो दिसतो.

कोणी घ्यावा, कोणी थांबावे?

निर्णयासाठी एक साधी नोंद पुरेशी आहे. मागील वर्षाची दिनदर्शिका समोर ठेवून किती दिवस हौद्याची खरी गरज पडली असती आणि किती दिवस डांबर सोडून जावे लागले, ते मोजावे. शेतघर, रोपवाटिका, बांधकामाची देखरेख, सायकली किंवा गिर्यारोहणाचे साहित्य यांमुळे हौदा दर आठवड्याला भरत असेल, घरी साडेपाच मीटर लांबीची हक्काची जागा असेल आणि रोजचा प्रवास मोकळ्या मार्गावरचा असेल, तर पिकअप हे योग्य वाहन आहे. अशा वापरात तो एसयूव्हीपेक्षा कमी कर भरून अधिक काम देतो. व्यवसायाच्या नावे खरेदी करणाऱ्यांनी कर परताव्याच्या शक्यतेबाबत सनदी लेखापालाचा सल्ला जरूर घ्यावा.

हे दिवस वर्षात पंधरा-वीसच भरत असतील, तर हिशेब बदलतो. गुरुग्राममध्ये बनणारी मारुती जिम्नी किंवा महिंद्रची थार यांचे पेट्रोल फोर बाय फोर प्रकार चार मीटरच्या आत बसतात आणि त्यांना राजधानी क्षेत्रात पंधरा वर्षांचे आयुष्य मिळते. सामानाची आणि मागच्या बैठकीची जागा त्यांत कमी पडते, हे मात्र मान्य करावे लागते. साधी पेट्रोल मोटार रोजच्यासाठी ठेवून डोंगरात स्थानिक टॅक्सी करणे हा तिसरा मार्ग. त्यात वाहनाच्या नुकसानीची चिंता नसते आणि वाट ठाऊक असलेला चालक सोबत असतो.

नोंदणी रक्कम भरण्यापूर्वी विक्रेत्याकडून पाच गोष्टी लेखी घ्याव्यात : वाहनाचा नेमका प्रकार आणि चालन, नोंदणीचा वर्ग, सर्व करांसह रस्त्यावर येईपर्यंतची किंमत, वॉरंटीत कच्च्या वाटेवरील वापराबाबत असलेल्या अटी आणि मार्गावरील सेवा केंद्रांची यादी. शेवटची बाब क्षुल्लक वाटली, तरी चंडीगड किंवा डेहराडून ओलांडल्यावर तीच सर्वांत महत्त्वाची ठरते. या पाच उत्तरांसोबत वाहनतळाचे माप आणि दहा वर्षांचा हिशेब जुळला, तरच पुढचे पाऊल टाकावे.